कळंबा तुरुंगातून सुटून घरी येणाऱ्या माणसासाठी घरच्यांनी आधी काय करून ठेवावं?

पाणंद

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरासाठी विचारतोय. घरातला कर्ता मुलगा, वय ३८. बांधाच्या भांडणातून कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) खाली सात वर्षं सक्तमजुरी, २० हजार दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहे. घरच्यांच्या हिशेबाने मेअखेर सुटेल. घरी आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. वडील मध्यंतरी वारले. ज्याला मार लागला तो भाऊबंदांतलाच, चार घरं सोडून राहतो.

हातात तीन महिने आहेत. तारीख नक्की कशी करायची, कोणते कागद आधी काढायचे, पहिल्या दिवसांत घरात काय सांभाळायचं, वाडीचं काय आणि कामधंद्याचं काय, हे या धाग्यावरच्या माहीतगारांनी सांगावं. "सगळं देवावर सोडा" हा सल्ला नको, तो गावात फुकट मिळतो.

कज्जेदलाल

"घरच्यांच्या हिशेबाने" इथेच बहुतेक घरं फसतात. गाडी ठरवून माणसं कोल्हापूरला जातात आणि फाटकावर कळतं की अजून अडीच महिने आहेत.

हिशेब चुकण्याची कारणं ठरलेली असतात. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८), पण दंडाच्या बदल्यात भोगायच्या कैदेतून ते वजा होत नाहीत. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, धरले जात नाहीत. घरचे दोन्हींना "रजा"च म्हणतात आणि एकत्र मोजतात. उलट बाजूने, चांगल्या वागणुकीची आणि कामाची माफी मिळाली असेल तर तारीख अलीकडे येते. रजेवरून उशिरा हजर झाला असेल तर त्या माफीतले दिवस कापलेले असू शकतात.

म्हणून कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शिक्षाबंदी क्रमांक, सत्र खटला क्रमांक, कोर्टाचं नाव लिहा आणि चार गोष्टी विचारा: वजावटीचे दिवस किती धरले, आजवर माफी किती, दंडाची कैद धरून आणि न धरून अशा दोन तारखा कोणत्या, दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वॉरंट आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका. जुनी किरकोळ मारामारीची केस पडून असेल तर सुटकेच्या दिवशी पोलीस तिकडच्या कोर्टाचा कागद घेऊन उभे असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने आपल्या तालुक्याचं आणि जिल्ह्याचं कोर्ट तपासा. तारीख रविवारी किंवा सुटीच्या दिवशी पडत असेल तर सोडणार कधी, हेही आधीच विचारा.

आता दंड. दंडाची कैद मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होते. पूर्ण २० हजार जमत नसतील तर जमतील तेवढे भरा, कारण भरलेल्या रकमेच्या प्रमाणात कैद कमी होते (जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम ६९, नव्या न्याय संहितेत कलम ८). इथे १५ हजार भरले तर उरलेल्या ५ हजारांचा दीड महिना. शिक्षा देणाऱ्या कोर्टात नाझरकडे (पैसे घेणारा कर्मचारी) भरायचे, पावती घ्यायची, आणि कोर्टाचं पत्र कारागृहात पोचलं का याची खातरजमा आपण करायची. पावती घरच्या डब्यात आणि माणूस आत, असं होतं. निकालपत्रातला शेवटचा आदेशही वाचा. दंडातली काही रक्कम जखमीला भरपाई म्हणून द्यायला सांगितलेली असते. तसं असेल तर हा दंड वेळेवर भरणं म्हणजे चार घरांपलीकडे पैसे पोचणं. वाडीत त्याचा अर्थ वेगळा लागतो.

ऐपत नसेल तर केंद्राची गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आहे, २०२३ पासून. शिक्षा झालेल्याचा २५ हजारांपर्यंतचा दंड त्यातून भरला जाऊ शकतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, निर्णय जिल्ह्याच्या समितीचा. फोन १५१००. अंमली पदार्थांसारख्या काही कायद्यांखालच्या केसेस त्यात बसत नाहीत, ३०७ ला तशी आडकाठी नाही.

अपील चालू आहे का हेही बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर पीठाकडे गेलंय. मुंबईच्या वकिलाने हे कळवलेलं नसतं आणि तारखा चुकतात.

फाटकावर सही करण्याआधी हातात काय हवं: सुटकेचा दाखला, आत जाताना जमा केलेल्या वस्तू यादीप्रमाणे, खात्यावरची शिल्लक आणि कामाचं वेतन, औषधांचे कागद, आत सुतारकाम, शिवण किंवा बेकरी शिकला असेल तर त्याचं प्रमाणपत्र. सुटकेच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स त्याच दिवशी कोल्हापुरातच काढा. मूळ दाखला लॅमिनेट करू नका, मागे शिक्का मारायची वेळ येते.

खाडीवाला

कागदांचं माझ्याकडून.

सगळ्यात आधी मोबाईल नंबर. जुनं सिम तीन महिने वापरलं नाही की बंद होतं आणि पुढे नंबर दुसऱ्याला जातो. बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरावर असतं आणि ओटीपी कोणा परक्याला जातो. म्हणून क्रम असा: नवं सिम, मग आधारला नवा नंबर, मग बँक. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवरून परत याल. आधार केंद्रावर बोटांचे ठसेही नव्याने द्या. आत चिरे-माती किंवा लाकूडकाम केलं असेल तर जुने ठसे जुळत नाहीत आणि रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही.

बँक खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला तर ते निष्क्रिय होतं. पुन्हा चालू करायला केवायसी लागतं, पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर एक हजार शुल्क आहे. रेशनकार्डावरून नाव कमी झालंय का बघा, झालं असेल तर आताच अर्ज लिहून ठेवा. मतदार यादीतूनही "स्थलांतरित" म्हणून नाव उडालेलं असतं. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, बाहेर आल्यावर हक्क परत चालू, नाव नसेल तर नमुना ६ भरायचा. ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर मात्र सहा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेपासून पाच वर्षं थांबावं लागतं.

वाहन परवान्याची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरण नाही, पुन्हा चाचणी. तोवर त्याला टेम्पो चालवायला देऊ नका. आज पोलिसांच्या हातात सापडायला एवढं निमित्त पुरतं.

आखातात जायचा विचार आपल्याकडे लगेच निघतो. पासपोर्ट कायद्यात नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षं शिक्षा असेल तर पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो, पण ही पाच वर्षं शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून मोजतात. लोक सुटकेपासून मोजतात आणि उगाच थांबतात. अर्जात शिक्षा लपवू नका. पडताळणी गावच्या ठाण्यातच येते, तिथे सगळं लिहिलेलं आहे.

पडवी

घराचं बोलू. कागद राहिले तर चार फेऱ्या जास्त पडतात. घरातलं राहिलं तर माणूस आठवड्यात मुंबईला निघून जातो.

बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. शेजारी माणसं, खोकणं, घोरणं, पहाऱ्याची पावलं. तिथून माणूस कोकणातल्या घरात येतो. रात्री नऊला मिट्ट काळोख, पलीकडे रातकिडे. बायकोला वाटतं आता निवांत झोपेल, आणि तो पहाटेपर्यंत उठून बसलेला. यावर उपाय स्वस्त आहे: पडवीत आणि झोपायच्या खोलीत झिरोचा बल्ब लावा, पहिला महिना तो विझवू नका. दार पूर्ण लावायचं की किलकिलं ठेवायचं हे त्याला विचारा. काहींना बाहेरून कडी घातल्याचा आवाज सहन होत नाही. सकाळी लवकर कामाला जाणारी बाई सवयीने बाहेरून कडी घालते, ती सवय आधी मोडा.

तिथे संध्याकाळचं जेवण उजेडीच मिळतं, बराकी बंद व्हायच्या आधी. म्हणजे पाच-साडेपाचला त्याला भूक लागणार, आणि घरात जेवण नऊला. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी चहाऐवजी भात-आमटी ठेवा. पहिल्याच दिवशी कोलंबीचं तिखलं आणि वडे-सागुती नको. इतकी वर्षं तुरुंगातलं साधं खाल्लेल्या पोटाला ते झेपत नाही आणि परतल्याचा दुसरा दिवस परसात जातो. दोन दिवस पेज, मऊ भात, थोडं सुकं. मासे तिसऱ्या दिवशी.

येतानाचा आंबा घाटही लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं गाडीत न बसलेल्या माणसाला वळणांवर हमखास उलटी होते. पुढे बसवा, मलकापूरच्या आधी भरपेट खाऊ घालू नका, पिशव्या हाताशी ठेवा.

उंबऱ्याबाहेर पडताना तो विचारेल, "जाऊ का?" परसात जाताना, पाणी पिताना, रेडिओ लावताना. पोरं हसतात. हसू नका, आणि दर वेळी "जा" असंही म्हणू नका. "तुमचंच घर आहे, विचारता काय" हे एकदा सांगून सोडून द्या. महिन्या-दीड महिन्यात कमी होतं.

मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणता. तिला काय सांगितलंय? आपल्याकडे सोपी थाप असते, बाबा मुंबईला कामाला. वाडीतली निम्मी घरं चाकरमान्यांची, त्यामुळे थाप खपते. पण तो यायच्या आधी आईने स्वतः सांगायला हवं, नाहीतर शाळेच्या वाटेवर कोणीतरी सांगेल. मोजकं सांगा: "बाबांनी एका माणसाला फार मारलं होतं. कोर्टाने शिक्षा दिली. ती संपली, आता ते घरी येतायत." मारलेल्या माणसाचं नाव तिला आधीच ठाऊक असतं. ती प्रश्न विचारेल, काही दिवस बोलणार नाही, दोन्ही चालेल. आल्यावर "जा, बाबांच्या मांडीवर बस" करू नका. तो गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती, तिच्यासाठी हा पाहुणा आहे. शाळेत सोडायचं काम लगेच त्याच्याकडे देऊ नका, आधी आठ-दहा दिवस ती आणि आई असताना त्याने बरोबर चालत जावं.

आणि कपाटाची किल्ली. इतकी वर्षं घर बायकोने चालवलं. बचत गटाचं कर्ज, काजूचे पैसे, सासूचं औषध. तो येतो आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणते, "आता तो आलाय, त्याच्या हातात दे." इथून भांडण सुरू होतं. त्याच्या येण्याआधी सासू-सुनेने बसून ठरवा की निदान पुढचा गणपती होईपर्यंत पैसे पूर्वीसारखेच तिच्याकडे राहतील, आणि हे त्याला मुलाकतीतच सांगा. घरी आल्यावर नको. एका वहीत लिहून ठेवा: कोणाचं किती देणं, कशासाठी घेतलं, कोणाला किती फेडलं. त्याला आरोप न करता ती वही वाचायला द्यायची. जुनी पाचशे-हजाराची नोट त्याच्या पेटीच्या तळाला निघाली तर हसून सोडा, त्या २०१६ लाच गेल्या.

वडील वारले त्याचा शोक घरच्यांचा होऊन गेलाय, त्याचा व्हायचाय. रजेवर आला नसेल तर वर्षश्राद्धाला वगैरे अडकू नका, त्याला पहिल्या दिवसांत एकदा मसणवटीत किंवा खाडीवर एकट्याला जाऊ द्या.

समईवात

वरचं पटतंय, पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. बायकोला तो परत यायला हवा आहे का? आधी हे तिला एकटीला विचारा, सासू समोर नसताना.

या केसमध्ये मार बाहेरच्याला लागला होता. पण हा धागा दुसऱ्या घरांतले लोकही वाचतील म्हणून सांगते. गुन्हा बायकोवर किंवा घरातल्या मुलावर झाला असेल तर खोलीत बल्ब लावायचा प्रश्नच येत नाही. त्याने त्याच घरात उतरू नये, दुसरी जागा सुटकेच्या आधी ठरलेली हवी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षणाचा आणि निवासाचा आदेश मागता येतो. संरक्षण अधिकारी जिल्ह्यात असतात, अर्जाला वकील लागत नाही. मुलाबाबत असेल तर बालकल्याण समितीला आधी कळवा. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. "शिक्षा भोगून आलाय, आता माफ कर" असं देवळात गाऱ्हाणं घालून कोणी सांगू लागलं तर तिथून उठावं.

आणि पडवीशी थोडं वेगळं मत: मेअखेरीस वाडी चाकरमान्यांनी भरलेली असते. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायला येणार. शक्य असेल तर पहिले आठ दिवस कोल्हापूर किंवा रत्नागिरीत बहिणीकडे काढावेत, गाड्या परत गेल्यावर घरी यावं.

पडवी

बहिणीकडे ठेवायला हरकत नाही, पण मग "तोंड लपवतोय" हे वाडीत सुरू होतं, आणि आठ दिवसांचे दोन महिने होतात. मी म्हणेन सरळ घरी, पण रात्री पोचेल अशा बेताने. हारतुरे, फटाके नकोत. पंगत तर नकोच. चार घरांपलीकडे तिखट वास गेला तरी भांडणाला पुरे.

पेजभात

औषधांबद्दल. बीपी, साखर, मिरगी, डोक्याच्या गोळ्या चालू असतील तर फाटकावर पंधरा दिवसांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागा. मानसिक आजाराची गोळी एकदम तुटली की त्रास उलटू शकतो आणि घरचे त्याला "जेलची सवय" समजतात. टीबीचा कोर्स अर्धा झाला असेल तर निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) घ्या, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तोच कोर्स फुकट पुढे चालू होतो, शिवाय पोषणाचे महिना एक हजार खात्यावर येतात. त्यासाठी खातं चालू हवं, म्हणजे खाडीवाल्यांचं आधी करा.

पूर्वी दारू किंवा गोळ्यांची सवय असेल तर मित्रांना स्पष्ट सांगा. इतकी वर्षं बंद असलेल्या शरीराला जुना डोस सोसत नाही, पहिल्याच रात्री जिवावर बेततं. झोप महिनाभर नसेल, सारखं रडू येत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या फोनवर, १४४१६, मराठीत बोलतात. दात आणि चष्मा जून संपायच्या आत उरकून घ्या.

पाणंद

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. वाडीत आत्ताच कुजबुज आहे की याला शिमग्याला पालखीजवळ येऊ द्यायचा नाही, आणि घराचं पाणीही तोडू म्हणतायत. दुसरं, तो बांध अजून तिथेच आहे.

कज्जेदलाल

पाणी तोडणं, देवळात-पालखीला न येऊ देणं, लग्नाकार्याला जाणाऱ्याला दंड लावणं म्हणजे वाळीत टाकणं. रायगड-रत्नागिरीत गावकीने हे करणं नवं नाही, म्हणूनच त्यावर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लगेच तक्रार ठोकू नका. गावकीच्या दोन समंजस मानकऱ्यांना, शक्यतो पोलीस पाटलांसमोर, हे कलम वाचून दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर बैठकीची तारीख, कोण काय बोललं, साक्षीदार कोण हे लिहून ठेवून ठाण्यात द्या. आणि इकडूनही समंजसपणा हवा: पहिल्या शिमग्याला त्याने स्वतःहून पालखीला खांदा द्यायला पुढे होऊ नये.

जखमीच्या घरी मध्यस्थ नारळ घेऊन पाठवू नका. त्यांना भेटायचं की नाही हे ते ठरवतील. तोपर्यंत पाणंदीची वाट, विहिरीची वेळ, रेशनची वेळ वेगळी ठेवा. समोर आलाच तर बाजूला व्हायचं, बोलायचं नाही.

गणपती किंवा निवडणुकीच्या आधी ठाण्याकडून चॅप्टर केसची नोटीस येऊ शकते (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६ किंवा १२९). ही नवी केस नव्हे, वर्तनाचं बंधपत्र मागतात. घाबरून गावाबाहेर पळणं ही सगळ्यात वाईट चाल. तारखेला हजर राहा, सोबत जामीनदार आणि कामाचा पुरावा न्या.

बांधाचं मात्र माझं ठाम मत आहे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली का आधी बघा. तुरुंगात आहे म्हणून त्याचं नाव वगळता येत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) अर्ज करा. मग भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीचा अर्ज, तोही याच आठवड्यात. शेजाऱ्याला नोटीस जाईल, तो चिडेल, बोलेल. बोलू दे. एप्रिलमध्ये, हा आत असताना, खुणा पक्क्या होऊन क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली तर उत्तम. एप्रिलपर्यंत होत नसेल तर सरळ दिवाळीनंतर. जूनमध्ये कदापि नाही. जूनमध्ये नांगर उतरतात, बांध छाटले जातात, एक वीत माती इकडची तिकडे जाते. सात वर्षांपूर्वीचं भांडणही बहुधा अशाच पावसातलं असेल. यंदाचा खरीप बांधालगतच्या त्या एका कुणग्यात (खाचरात) दुसऱ्याकडून करून घ्या, थोडी मजुरी जाईल.

खाडीवाला

कामाचं. मेअखेर ही कोकणात सुटायची सगळ्यात अडचणीची वेळ. आंबा-काजू संपत आलेला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, चिरेखाणीत पाणी. म्हणजे जून-जुलैचा खर्च आंब्याच्या पैशातून आताच बाजूला काढून ठेवा, तांदूळ-तेल भरून ठेवा. लावणीला रोजाने माणसं लागतात, ते काम त्याला चांगलं: उघड्यावर, दहा जणांत, कोणी फार प्रश्न विचारत नाही. पण भाऊबंदांच्या शेतात नको, पलीकडच्या गावात बघा.

ऑगस्टमध्ये बोटी निघतील. खलाशाला मालक उचल देतात. देणी एकदम फेडायला मोठी उचल घेऊ देऊ नका, हंगामभर बांधला जातो आणि मध्येच तब्येत बिघडली तर उचल घरावर येते. बोटीवर जायला आधार लागतंच, तेवढ्यासाठी तरी जुलैच्या आत ते नीट करा. डिसेंबरपासून कलमांची राखण, फवारणी मिळते, पण राखणीला रात्री बागेत एकट्याने झोपावं लागतं. पहिल्या वर्षी नको. मालकाला शिक्षेचं आधी सांगा, दुसऱ्याकडून कळलं की काम जातं.

सुटून आलेल्यांना व्यवसायासाठी साहाय्य देण्याचं काम महिला व बालविकास कार्यालयातले जिल्हा परिविक्षा अधिकारी बघतात. सुटकेचा दाखला घेऊन पहिल्या महिन्यातच भेटा. हत्यारांसाठी म्हणून ठोस यादी आणि दुकानाचं कोटेशन न्या. "काहीतरी धंदा करतो" म्हणून अर्ज पुढे सरकत नाही.

पडवी

बल्बचं लिहिलं, पण एक राहिलं. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला लाईट जाते, कधी दोन-दोन दिवस. चार्जिंगचा एक छोटा दिवा घेऊन ठेवा आणि तो कुठे ठेवलाय हे त्याला पहिल्याच संध्याकाळी दाखवा.